जेंबे, क्युबिझम आणि सूर्यनमस्कार

दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समध्ये कृत्रिम तळ्यांभोवती इंग्रजी मुळाक्षरांची नावं लावलेले क्लस्टर आहेत आणि प्रत्येक क्लस्टरमध्ये उंच मनोरे. या मनोऱ्यांतल्या मराठी घरांत मूल तेरा-चौदा वर्षांचं झालं की एक निर्णय समोर येतो. ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत ‘इयर नाइन’मध्ये शिकणाऱ्या मुलाला पुढच्या जीसीएसई किंवा आयजीसीएसई परीक्षेसाठी विषय निवडायचे असतात. गणित, इंग्रजी आणि विज्ञान ठरलेलंच असतं. उरलेल्या मोजक्या जागांसाठी संगणकशास्त्र, बिझनेस, इतिहास, भूगोल, संगीत, चित्रकला आणि शारीरिक शिक्षण असे विषय एकमेकांशी स्पर्धा करतात. अनेक घरांत यातले शेवटचे तीन पहिल्याच फेरीत बाद होतात.

भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांत तर निवडीचाही प्रश्न फारसा येत नाही. सीबीएसईच्या दहावीच्या पाच मुख्य विषयांत भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्र बसतं. चित्रकला किंवा संगीत घ्यायचं तर जादा विषय म्हणून. शाळा वेगळी असली तरी निष्कर्ष तोच निघतो: गाणं, चित्र आणि व्यायाम मुलाला आवडत असतील तर शनिवार-रविवारच्या क्लासला घालू; शाळेच्या वेळेत ‘खरा’ अभ्यास झाला पाहिजे.

हा निष्कर्ष चुकीचा आहे. या तीन विषयांत मूल जे शिकतं ते दुसऱ्या कुठल्याही तासाला शिकवता येत नाही. शिवाय दुबईत राहणाऱ्या मराठी मुलाला स्वतःचा इतिहास कळण्याची जी वाट या विषयांतून जाते, तितकी सरळ वाट इतिहासाच्या पुस्तकातूनही जात नाही.

आधी या तासांना नेमकं काय चालतं ते पाहू. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात संगीत आणि कला चौदाव्या वर्षापर्यंत आणि शारीरिक शिक्षण सोळाव्या वर्षापर्यंत सक्तीचं आहे. त्यामुळे ‘इयर सेव्हन’ ते ‘इयर नाइन’च्या वयात मुलं एखाद्या सत्रात पश्चिम आफ्रिकेचं ढोलवादन शिकतात, दुसऱ्या सत्रात ब्लूज आणि पॉप गाण्याची रचना. चित्रकलेत क्युबिझम किंवा पॉप आर्ट येतं. शारीरिक शिक्षणात फिटनेसचे घटक आणि ते मोजण्याच्या चाचण्या येतात. हे वरवर पाहिलं तर निव्वळ मजेचं वाटतं. जरा आत शिरलं की त्यातली शिस्त दिसते.

जेंबे हे पश्चिम आफ्रिकेतलं, एकाच ओंडक्यातून कोरलेलं आणि बकरीच्या कातड्यानं मढवलेलं वाद्य. त्यावर मुख्यतः तीन आवाज काढायचे असतात: तळहातानं मध्यावरचा खर्ज, बोटांनी कडेवरचा खुला आवाज आणि तिथंच मारलेली तीक्ष्ण चापट. हे जमलं की खरा अभ्यास सुरू होतो, तो एकाच वेळी चालणाऱ्या अनेक लयींचा. एका अवधीचे सहा समान भाग करा. एका हातानं पहिल्या आणि चौथ्या भागावर आघात करा, दुसऱ्या हातानं पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या. एक हात दोन मोजतो, दुसरा तीन, आणि दोघं पुन्हा पहिल्यावर भेटतात. लघुत्तम साधारण विभाज्य मुलानं वहीत पाचवीतच सोडवलेला असतो. इथं तो त्याच्या खांद्यांतून जातो. तबला शिकलेल्या मुलाला हे लगेच ओळखू येतं, कारण दीडपटीची आडी लय म्हणजे तीनास दोनचंच नातं. एखादी लय धरून ठेवून शेजारच्याची वेगळी लय ऐकत राहणं, तिच्यात वाहून न जाणं आणि तिला तोडूनही न टाकणं, ही क्षमता गटात काम करण्याबद्दलच्या कुठल्याही व्याख्यानातून येत नाही.

दुसरा धडा हाक आणि प्रतिसादाचा. मुख्य वादक किंवा गायक ओळ टाकतो, समूह उत्तर देतो. मराठी माणसाला यात काहीच परकं नाही. पोवाड्यात शाहिराची ओळ उचलून धरणारे झीलकरी हेच करतात, गोंधळात आणि वारकरी भजनात हेच होतं. दुबईत मराठी मंडळींची ढोल-ताशा पथकं आहेत. त्यांत ताशाच्या इशाऱ्यावर ढोलांचा ठोका बदलतो, तेव्हाही हेच तत्त्व काम करत असतं. इंग्लंडच्या ओसीआर परीक्षा मंडळाच्या जीसीएसई संगीतात जगातल्या लयींचा जो विभाग आहे, त्यात भारत आणि पंजाब, पूर्व भूमध्य आणि मध्यपूर्व, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिका असे सगळे एकत्र अभ्यासाला असतात. घरी तबल्याचा रियाज करणाऱ्या मुलाला अशा तासात बाकी वर्गापेक्षा जास्त समजतं. तरीही हा विषय त्याच्याच घरी सगळ्यात आधी कापला जातो.

सुगम किंवा लोकप्रिय संगीत शाळेत शिकवावं का, यावर आक्षेप जास्त तीव्र असतो. जे मूल दिवसभर कानात घालून ऐकतंच, ते शाळेत कशाला? उत्तर असं की ऐकणं आणि समजणं वेगळं. बारा मात्रांच्या नव्हे, बारा ‘बार’च्या ब्लूजचा सांगाडा आपल्या भाषेत सांगता येतो: चार बार षड्जावर उभ्या केलेल्या कॉर्डचे, दोन मध्यमाच्या, दोन पुन्हा षड्जाच्या, मग पंचम, मध्यम आणि शेवटचे दोन घरी परत. एवढा सांगाडा कळला की रॉक अँड रोलची निम्मी दुनिया उलगडते. आणि हा सांगाडा कुणी उभा केला, हे विचारलं की मूल अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांपर्यंत आणि तिथून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गुलामांच्या जहाजांपर्यंत पोचतं.

तिथून एक फाटा थेट मुंबईला येतो. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्यानंतर क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांचे वाद्यवृंद गाजले. त्यांच्या सोबतीनं आणि त्यांना ऐकून गोव्याच्या वादकांची एक पिढी जॅझमध्ये तयार झाली. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, त्यांतले. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्यात जन्मलेल्या रामचंद्र चितळकरांनी, अर्थात सी. रामचंद्र यांनी, अशा वादकांना हाताशी धरलं आणि १९५१च्या ‘अलबेला’त तो ठेका गिरणगावात वाढलेल्या भगवानदादांच्या पायांत उतरला. आजही लग्नाच्या वरातीत भगवानदादांची ती पावलं टाकणारा मराठी माणूस नकळत एका आफ्रिकी-अमेरिकी लयीवर नाचत असतो. शाळेत ब्लूज शिकलेलं मूल हा धागा आजोबांना उलगडून सांगू शकेल.

आफ्रिका मुंबईपर्यंत केवळ अमेरिकेला वळसा घालून आली असंही नाही. ती सरळ समुद्रावरूनही आली. हबशी म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० साली त्यानं खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद. १६२४च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. मुरुडसमोरचा जंजिरा सिद्दींचा. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर, हल्याळ परिसरात आजही सिद्दींच्या वस्त्या आहेत आणि त्यांतल्या अनेकांच्या बोलण्यात कोकणी-मराठी आहे. गुजरातचे सिद्दी ‘धमाल’ हा त्यांचा नाच करतात, तेव्हा पायावर उभा असलेला मुगरमान नावाचा ढोल वाजतो आणि धनुष्याला भोपळा बांधल्यासारखं मलुंगा नावाचं वाद्यही. ब्राझीलमध्ये नेलेल्या आफ्रिकी गुलामांच्या वंशजांकडे बेरिम्बाव आहे, ते याच घराण्यातलं वाटावं इतकं सारखं. दोन महासागर ओलांडून दोन दिशांना गेलेल्या माणसांनी एकच वाद्य सोबत नेलं.

आता यात संयुक्त अरब अमिरातीची भर घाला. पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली किनाऱ्यावरून आखातात आलेल्या आणि आणल्या गेलेल्या लोकांनी इथं ‘लिवा’ रुजवला. मोठे ढोल, सनईच्या जातीचं दुपत्ती वाद्य, वर्तुळात संथ सुरू होऊन चढत जाणारं नर्तन आणि गाण्यांत अरबीसोबत स्वाहिली शब्द. ‘नुबान’ या दुसऱ्या प्रकारात तंबुरा नावाचं तंतुवाद्य आणि बकरीच्या खुरांची माळ लावलेला, कमरेला बांधून हलवायचा मंजूर असतो. अमिरातीच्या सणांत आणि सांस्कृतिक उत्सवांत हे प्रकार आजही सादर होतात. जुमेरा लेक टॉवर्समधल्या ६८ मजली अल्मास टॉवरमध्ये हिऱ्यांचा व्यापार चालतो आणि दुबईच्या त्या बाजारात आफ्रिकेच्या खाणींतले कच्चे हिरे येतात. हिरा कुठून आला याची चौकशी व्यापारात नियमानं करावी लागते. लय कुठून आली याची चौकशी त्याच टॉवरच्या सावलीत राहणाऱ्या मुलांच्या शाळेतही व्हायला हवी.

इथं शाळांनाही प्रश्न विचारला पाहिजे. चोपन्न देशांचा खंड सहा आठवड्यांत एका जेंबेत बसवला जातो, तेव्हा मुलाच्या मनात ‘आफ्रिका म्हणजे ढोल’ एवढंच उरतं. ‘आशिया म्हणजे सतार’ असं कुणी शिकवलं तर मराठी पालक दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन बसतील. म्हणून अभ्यासाला नावं हवीत: घानाचे संगीतशास्त्रज्ञ क्वाबेना एन्केटिया, ज्यांनी १९७४ साली ‘द म्युझिक ऑफ आफ्रिका’ लिहिलं, १९६३ साली संयुक्त राष्ट्रसंघात वर्णद्वेषाविरुद्ध साक्ष देणाऱ्या मिरियम मकेबा, नायजेरियाच्या लष्करी राजवटीला गाण्यातून अंगावर घेणारे फेला कुटी. मुलांना २०२४च्या ग्रॅमीत आफ्रिकी संगीताचं पहिलं स्वतंत्र पारितोषिक मिळवणारी दक्षिण आफ्रिकेची टायला आधीच ठाऊक असते. शिक्षकानं तिच्यापासून मागं जायचं, मकेबांपर्यंत. या तासाला देश, समाज, भाषा आणि काळ सांगितला गेला तर तो अभ्यास होतो. नाहीतर ती सहल ठरते, आणि पालकांचा ‘यात शिकण्यासारखं काय’ हा आक्षेप शाळेनंच खरा करून दिलेला असतो.

आधुनिक कलेच्या तासाला हीच कसोटी लागते. १९०७ साली पाब्लो पिकासो पॅरिसच्या त्रोकादेरो संग्रहालयात आफ्रिकी मुखवट्यांपुढे उभा राहिला आणि त्याच वर्षी त्यानं चेहऱ्यांची मोडतोड करणारं ते मोठं चित्र पूर्ण केलं, ज्याच्यानंतर क्युबिझम आलं. मुलांना ही गोष्ट बहुधा पिकासोच्या प्रतिभेची म्हणून सांगितली जाते. पण वर्गात पुढचे प्रश्न आले पाहिजेत. ते मुखवटे कुणी घडवले? त्या कारागिरांची नावं भिंतीवर का नाहीत? मुखवटे पॅरिसला पोचले कसे? १८९७ साली ब्रिटिश फौजेनं बेनिनच्या राजवाड्यातून लुटलेली ब्रॉंझची शिल्पं युरोपच्या संग्रहालयांत का आहेत आणि त्यांतली काही आता परत का जात आहेत? हे प्रश्न विचारायला तेरा वर्षांचं वय पुरेसं आहे. एखाद्या सुंदर वस्तूकडे बघताना तिचं सौंदर्य आणि तिच्या मागचा अन्याय दोन्ही डोळ्यांपुढे ठेवायला याच तासात शिकता येतं.

महाराष्ट्रात चित्रकलेचं शालेय शिक्षण म्हटलं की एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा आठवतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन. हाताला वळण लावण्याचं काम या परीक्षांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं आणि ते मोलाचं आहे. पण १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या शहरात १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला, त्यात ह. अं. गाडे आणि सदानंद बाक्रे होते, नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांचं मोठं प्रदर्शन २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात भरलं, प्रभाकर बरवे यांनी ‘कोरा कॅनव्हास’मध्ये चित्र कसं घडतं याचा मराठीत विचार मांडला, हे शिकलेल्या मराठी घरांतही अपवादानंच माहीत असतं. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत आखातात राहिले, तेव्हाही त्यांची चर्चा झाली ती वादांची, चित्रांची फार कमी. शाळेनं आधुनिक चित्र वाचायला शिकवलं नाही तर मोठेपणी ‘हे तर माझं मूलही काढेल’ एवढीच प्रतिक्रिया उरते.

आणि दुबईत शिकवायला काय कमी आहे? हसन शरीफ (१९५१–२०१६) या अमिराती कलावंतानं ऐंशीच्या दशकात लंडनहून शिकून परतल्यावर बाजारातल्या स्वस्त वस्तूंतून कला घडवली: दोरी, तांब्याची तार, पुठ्ठा, रबरी चपला. आयात होणाऱ्या मालाचे ढीग हेच त्याच्या शहराचं वास्तव होतं आणि त्यानं ते बांधून, पिळून, रचून समोर ठेवलं. जुमेरा लेक टॉवर्ससारख्या मुक्त व्यापार क्षेत्रात राहणाऱ्या मुलाला याहून जवळचा कलावंत शोधून सापडणार नाही. अबुधाबीच्या लूव्र संग्रहालयात २०१७पासून वेगवेगळ्या संस्कृतींच्या वस्तू काळानुसार एकमेकींच्या शेजारी मांडलेल्या आहेत. अल कूझच्या गोदामांत अल्सेरकल अव्हेन्यूची कलादालनं आहेत, खाडीकाठी जमील आर्ट्स सेंटर आहे. शारजाची द्वैवार्षिक कलाप्रदर्शनं १९९३पासून भरत आहेत. मराठी कुटुंबांच्या सुटीच्या यादीत मॉलइतकीच यांना जागा मिळायला हवी.

फिटनेसचा तास सगळ्यात जास्त गैरसमजाचा बळी आहे. तो ‘पीटी’ म्हणून ओळखला जातो आणि परीक्षा जवळ आली की गणिताच्या सरांना दिला जातो. प्रत्यक्षात तो प्रयोगशाळेचा तास आहे, फक्त प्रयोग स्वतःच्या शरीरावर होतात. केनेथ कूपर यांची १९६८ची बारा मिनिटांच्या धावेची चाचणी, वीस मीटरच्या दोन रेघांमध्ये दर मिनिटाला वाढत्या वेगानं धावायची ‘बीप टेस्ट’, बसून पुढे वाकण्याची लवचिकतेची चाचणी. मूल विश्रांतीतली नाडी मोजतं, श्रमानंतर ती किती वेळात उतरते ते टिपतं, सहा आठवड्यांचं वेळापत्रक आखतं आणि फरक पुन्हा मोजतं. हे विज्ञानच आहे, आणि त्याचा उपयोग त्याला ऐंशीव्या वर्षापर्यंत होणार आहे.

जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल सुचवते. २०१६पर्यंतच्या जागतिक आकडेवारीनुसार अकरा ते सतरा वयोगटातली ८१ टक्के मुलं एवढी हालचाल करत नव्हती. दुबईत वर्षातले काही महिने तापमान चाळिशी ओलांडतं, मूल लिफ्टमधून शाळेच्या बसमध्ये आणि बसमधून वातानुकूलित वर्गात जातं. २०१७पासून दरवर्षी होणारं ‘दुबई फिटनेस चॅलेंज’ तीस दिवस रोज तीस मिनिटांचा आग्रह धरतं आणि त्यातल्या धावेसाठी शेख झायेद रोड माणसांसाठी मोकळा होतो. उपक्रम चांगला आहे. पण तीस दिवस संपल्यावर उरलेल्या वर्षाची जबाबदारी शाळेच्या वेळापत्रकावरच येते.

या तासाबाबतही शाळांनी एक गोष्ट बदलायला हवी. सगळ्या वर्गासमोर धावायला लावून, सर्वांत आधी थांबलेल्या मुलाला सगळ्यांनी बघावं अशी व्यवस्था केली तर ते मूल आयुष्यभर व्यायामाचा तिटकारा करेल. वयात येणाऱ्या मुलींच्या बाबतीत हे नुकसान दुप्पट असतं. गुण द्यायचे तर मुलाच्या स्वतःच्या आधीच्या नोंदीशी तुलना करून द्यावेत.

‘आपल्या परंपरेत हे नाही’ असं म्हणणाऱ्यांनी सातारा जिल्ह्यातल्या औंधचा इतिहास वाचावा. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले आणि त्यांवर पुस्तक लिहून ते इंग्रजी जगापर्यंत नेले. ते स्वतः चित्रकार होते, कीर्तनंही करत. त्यांच्या दरबारी अनंत मनोहर जोशी गायक होते. यमाईच्या डोंगरावर १९३८ साली त्यांनी उघडलेल्या संग्रहालयात राजा रविवर्म्यांच्या चित्रांसोबत हेन्री मूर यांचं माता-बालकाचं शिल्प आहे. तरुणपणी ब्रिटिश म्युझियममध्ये आफ्रिकी आणि मेक्सिकन शिल्पांपुढे रमणाऱ्या या शिल्पकाराचं काम माणदेशाच्या सीमेवरच्या एका डोंगरावर पोचलं, कारण तिथल्या राजाला शरीर, स्वर आणि रेषा या शिक्षणाच्याच गोष्टी वाटत होत्या. याच औंधच्या शाळेत ग. दि. माडगूळकर शिकले. आणि राजांचे चिरंजीव अप्पा पंत १९४८ साली नैरोबीत, ब्रिटिश पूर्व आफ्रिकेतले स्वतंत्र भारताचे पहिले आयुक्त म्हणून रुजू झाले.

औंध एकटं नव्हतं. १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूनं १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा गाणं हा सर्वांसाठी शिस्तीनं शिकवण्याचा विषय आहे ही भूमिका त्यांनी समाजाच्या विरोधात जाऊन घेतली. हा वारसा सांगणाऱ्या समाजानं शाळेतला संगीताचा तास सोडून द्यावा, हे पटणारं नाही.

दोन आक्षेप प्रामाणिक आहेत आणि त्यांना उत्तर द्यायला हवं. पहिला नोकरीचा. परदेशात राहणाऱ्या कुटुंबाचा व्हिसा बहुधा नोकरीशी बांधलेला असतो. ती अनिश्चितता ज्यांनी भोगली त्यांना मुलासाठी खात्रीचा रस्ता हवासा वाटणं स्वाभाविक आहे. पण आठ-नऊ विषयांतला एक विषय संगीत किंवा कला असल्यानं अभियांत्रिकीचं किंवा वैद्यकाचं दार बंद होत नाही. केंब्रिजच्या आयजीसीएसई संगीतात श्रवण, सादरीकरण आणि स्वतःची रचना असे तीन भाग असतात. रचना म्हणजे कोऱ्या कागदापासून सुरुवात करून, अनेक मसुदे टाकून देऊन, ठरल्या तारखेला पूर्ण वस्तू हातात देणं. असं काम शाळेत मुलाला फार कमी ठिकाणी करावं लागतं.

दुसरा आक्षेप ‘आधी आपलं’ हा. मुलाला भूप-यमन येत नाही आणि जेंबे कशाला? पण वरची सगळी उदाहरणं दाखवतात की जेंबेच्या वाटेनं मूल आपल्या घरापासून दूर जात नाही. पोवाडा, जंजिरा, चितळकर आणि मलिक अंबर त्याला याच वाटेवर भेटतात.

जुमेरा लेक टॉवर्समधल्या पालकांना निदान निवड तरी आहे. महाराष्ट्रात चित्र वेगळं आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार सहावी ते आठवीच्या शंभरहून जास्त पटाच्या शाळेत कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी केवळ अंशकालीन निदेशक देण्याची तरतूद आहे. म्हणजे शंभरच्या आतल्या पटाच्या गावशाळेत तेवढीही हमी नाही. २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं कला आणि शारीरिक शिक्षणाला इतर विषयांच्या बरोबरीनं मानायचं ठरवलं आहे. त्यासाठी पूर्णवेळ शिक्षकांची पदं लागतात. परदेशातली मराठी मंडळं गावाकडच्या शाळांना संगणक आणि पुस्तकं देतात. त्याच हातांनी पाच-सहा शाळांमागे एक संगीतशिक्षक किंवा एक क्रीडाशिक्षक तीन वर्षं पोसता येईल आणि तेवढ्या काळात शासनाकडे पदाचा पाठपुरावा करता येईल.

दुबईत करण्यासारखं आणखी जवळचं आहे. पुढच्या गणेशोत्सवात किंवा दिवाळीच्या कार्यक्रमात ढोल-ताशा पथकासोबत एखाद्या लिवा पथकाला रीतसर मानधन देऊन बोलवावं, दोघांना एकमेकांचे ठोके वाजवून बघू द्यावेत. मंडळाच्या मुलांना त्यावर प्रकल्प करायला सांगावं: लिवाच्या ढोलांची रचना, सिद्दींचा मुगरमान, संबळ आणि ताशा यांची मोजमापं, आवाज, वाजवण्याची पद्धत आणि कोण, कुठून, कशा परिस्थितीत हे वाद्य घेऊन आलं याची माहिती. शारजात आफ्रिका इन्स्टिट्यूट आहे, तिथल्या अभ्यासकांना प्रश्न विचारता येतील. असा प्रकल्प इयर नाइनच्या संगीताला, इतिहासाला आणि कलेला एकाच वेळी चालतो, आणि शाळेनं तो स्वीकारावा म्हणून पालकांनी शिक्षकांसोबत बसून आग्रह धरावा.